दिव्याची पाठ

देवजीकाकांच्या डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा मी तिथेच होते. त्यांचा मुलगा सनी बंदरात नोकरीला, त्याला सुट्टी मिळाली नव्हती, म्हणून हाशीमावशींनी दवाखान्यात मला बरोबर नेलं होतं. डॉक्टरांनी पट्टी काढून डोळा पुसला. काकांनी आधी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, मग शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे बराच वेळ पाहत राहिले.

"तू कवा यवरी म्हातारी झालीस?"

"तुमाला दिसत नव्हतं तवा," मावशी म्हणाल्या आणि पदराने स्वतःचेच डोळे पुसले.

मी त्यांची कोणी नातेवाईक नाही. नेरूळमधली आमची सोसायटी जिथे संपते तिथून सारसोळे गाव सुरू होतं, आणि इतकी वर्षं मी हाशीमावशींकडून मासळी घेते. आधी ओळख तेवढीच होती. माझे मिस्टर गेले त्या दिवसांत मावशी रोज संध्याकाळी रिकामी टोपली दाराशी ठेवून माझ्याकडे येऊन बसायच्या. काही बोलायच्या नाहीत. अंधार पडला की उठायच्या. तेव्हापासून त्यांच्या घरात मी 'वैशाली बाय' आहे.

देवजीकाका खरं तर गावातल्या बाकीच्यांसारखेच खाडीत जाळं टाकून जगले असते. पण त्यांना मिसरूड फुटत होतं त्या सुमारास आजूबाजूला नवं शहर उभं राहायला लागलं, भराव पडले, खाडीतली मासळी आटत गेली. घरात खाणारी तोंडं पुष्कळ. ते उठले आणि करंजा बंदरातल्या एका मोठ्या बोटीवर खलाशी म्हणून गेले. पुढे तांडेल झाले. तांडेल म्हणजे बोटीचा कारभारी. जाळं कुठे टाकायचं, माघारी कधी फिरायचं, वारं उठलं तर आसरा कुठे घ्यायचा, हे सगळं त्याच्या डोक्यावर. काकांनी उभी हयात बोट चालवली आणि एकही माणूस समुद्राला दिला नाही. हे ते स्वतः कधी सांगत नाहीत. मावशी सांगतात, तेही एखादीने पापलेटाच्या भावावरून फारच घासाघीस केली तर.

ऑपरेशननंतर आठवड्याभराने मी त्यांच्या घरी गेले होते. काका काळा चष्मा लावून ओट्यावर बसले होते. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याने व्हायचं होतं.

"आता कुठे जायचं काका? नव्या डोळ्याने काय बघायचं?" मी सहज विचारलं.

मावशींनी आतूनच उत्तर दिलं, "एकवीरेला नेनार हाय मी त्यांना. नवस बोललेली हाय."

"एकवीरेला जाऊच," काका म्हणाले. "पन मना आधी कालखरपाचा दिवा बगायचा हाय."

मावशी बाहेर आल्या. "दिवा? उभा जन्म त्या दिव्याला शिव्या घातल्या, आता त्याला बगायला जायचं?"

काळखडप म्हणजे रेवदंड्याच्या पुढे समुद्रात शिरलेलं एक टोक. त्या टोकापासून खडकांची एक लांब रांग पाण्याखालून आत गेलेली आहे. भरतीला ती दिसत नाही. जुन्या काळात तिच्यावर बोटी फुटायच्या म्हणून इंग्रजांनी टोकावर दगडी दीपगृह बांधलं. ते आजही चालू आहे. दक्षिणेकडून परतताना काका ते बघायचे ते मैलोगणती लांबून. दोन वेळा चमकून दिवा विझायचा, थोडा काळोख, पुन्हा दोन वेळा. तो उजव्या हाताला लांब ठेवायचा आणि घरचा रस्ता धरायचा.

"दिवा काय बोलतो ठाव हाय का, बाय?" काकांनी मला विचारलं. "त्यो बोलतो, लांब ऱ्हा. इकरं येव नको. यवरी वरसं त्याचा ऐकला. कवा जवल गेलू नाय. आता बोटीवं नाय, कसला भ्या नाय. एकदा जवलून बगायचा हाय."

मावशी आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मासळी तोलून देताना मात्र त्यांनी हळूच विचारलं, "तुझी गारी जाईल का गं तवरी लांब?"

त्या रविवारी आम्ही तिघं निघालो. पेण, वडखळ, अलिबाग. काका पुढे माझ्या शेजारी बसले होते, मावशी मागे, मांडीवर भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याच्या चटणीचा डबा. काका सगळ्या पाट्या मोठ्याने वाचत होते. चार वर्षं त्यांना पाट्या दिसल्या नव्हत्या. रेवदंड्याची खाडी ओलांडली तसे ते पाट्या सोडून समुद्र शोधू लागले. रस्ता डोंगराच्या कडेने वर चढला, सुरूची झाडं लागली, आणि एका वळणावर एकदम समोर तो दगडी मनोरा आला. पांढरा, मध्ये लाल पट्टा, माथ्यावर काचेची खोली.

मी गाडी थांबवली. काका उतरले आणि उभेच राहिले.

"यो त्यो नाय," ते म्हणाले.

"काका, पाटी आहे समोर. काळखडप दीपगृह."

"नाय बाय. मी वलखतो ना त्याला."

ते पुढे चालत गेले, मनोऱ्याला वळसा घालून समुद्राच्या अंगाला पोचले आणि तिथून वळून वर पाहिलं. मग हाताने कपाळावर सावली धरून मागे मागे सरकत राहिले, कठड्याला पाठ टेकेपर्यंत. 

"त्योच हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "मी याची पाठ कवा बगितलीच नव्हती."

मनोऱ्याच्या पायथ्याशी कौलारू घरं होती. एका दोरीवर लहान मुलाचे कपडे वाळत होते, शाळेची चड्डी, मोजे. कोंबड्या फिरत होत्या. कोणीतरी डाळीला फोडणी दिल्याचा वास येत होता. काका त्या दोरीपाशी जाऊन थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला तेव्हा नीट कळलं नाही. परतताना गाडीत मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, इतकी वर्षं तो दिवा आपोआप लागतो असंच मनात होतं, सूर्य उगवतो तसा. तिथे माणसं राहतात, पोरं शाळेत जातात, हे कधी डोक्यातच आलं नाही.

कपडे ज्यांच्या घरचे होते ते गृहस्थ बाहेर आले. धर्मराज त्यांचं नाव, दीपगृहाची राखण त्यांच्याकडे. वय चाळिशीच्या आत, लातूरकडचे. पाहुण्यांची वेळ संपत आली होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग काकांच्या काळ्या चष्म्याकडे.

"आजोबांना चढवंल का? गोल जिना हाये, लय दमवतो."

"ते तांडेल हायेत," मावशी मध्येच म्हणाल्या. "याच दिव्यावं आमचा घर चालला."

धर्मराज यांनी काकांकडे पुन्हा पाहिलं. मग त्यांनी किल्ल्या काढल्या आणि म्हणाले, "मग वेळंचं राहू द्या. चला."

जिना मनोऱ्याच्या आतल्या भिंतीला धरून वर जात होता. पायऱ्या दगडी, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. मधली पोकळी वरपर्यंत मोकळी. आपला श्वाससुद्धा वरून परत ऐकू यायचा. काकांचे गुडघे अधू. प्रत्येक खिडकीशी ते थांबत आणि खिडकीतून दिसणारा समुद्र दर वेळी आणखी मोठा झालेला असे. मावशी खालीच थांबते म्हणाल्या होत्या. अर्ध्या वाटेवर आम्हाला मागून त्यांच्या बांगड्या ऐकू आल्या. साडीचा काष्टा आवरून, भिंतीला तळवा लावत त्या येत होत्या.

शेवटी लोखंडी शिडी होती, आणि शिडीवरून डोकं वर काढलं की ती काचेची खोली.

खोलीला चारी बाजूंनी जाड पडदे लावलेले होते. पडद्यांतून गाळून आलेल्या पिवळसर उजेडात मधोमध ते भिंग उभं होतं. मी भिंग म्हणते, पण भिंग म्हटल्यावर डोळ्यांपुढे येतं तसलं ते नव्हतं. माणसापेक्षा उंच, पितळेच्या चौकटीत बसवलेल्या काचांचा पिंजराच तो. मध्ये ताटाएवढी दोन फुगीर भिंगं शेजारी-शेजारी, आणि त्यांच्याभोवती काचेची वर्तुळं, एकात एक, बाहेर बाहेर मोठी होत गेलेली. प्रत्येक काच वेगळ्या कोनात तासलेली. जिकडे हलावं तिकडे त्यांच्या कडांतून लाल, निळे, जांभळे रंग धावत होते. आम्ही तिघंही पुढे पाऊल टाकायला कचरत होतो.

"पडदे दिवसा लावूनच ठेवावे लागतात," धर्मराज म्हणाले. "नाहीतर हेच भिंग ऊन गोळा करून आतलं सगळं जाळंल."

"आन दिवा कुठं हाय?" काकांनी विचारलं.

धर्मराज यांनी काचांच्या फटीतून आत बोट दाखवलं. आत एक बल्ब होता. मुठीत मावेल एवढा.

काका खाली वाकले. नव्या डोळ्याने बघितलं, मग जुना डोळा झाकून पुन्हा बघितलं. "यवराच?"

"एवढाच. बाकी सगळं काचंचं काम. हात लावू नका, पण हितं, या चौकटीला बोट लावून ढकलून बघा जरा."

काकांनी पितळेला एक बोट लावलं. तो सगळा डोलारा, शेकडो किलोचा, आवाज न करता फिरू लागला. काकांनी बोट झटकन मागे घेतलं, चटका बसल्यासारखं. भिंग आपल्या नादात थोडं फिरलं आणि थांबलं. फुगीर काच मावशींच्या समोर आली होती. तिच्यात पडद्याच्या फटीतून दिसणारा समुद्र उलटा होता, पाणी वर आणि आभाळ खाली. मावशींनी हात जोडले.

धर्मराज यांनी बाहेरच्या सज्जाचं छोटं दार उघडलं. वारा असा आत आला की माझी ओढणी डोक्यावरून मागे गेली. कठडा धरून आम्ही एकेक जण बाहेर निघालो.

आता खाली काय दिसत होतं ते कसं सांगू. मी विमानातून समुद्र पाहिलेला आहे, पण तिथे मध्ये काच असते आणि आपण निघून जात असतो. इथे आम्ही उभे होतो आणि तो तिन्ही बाजूंना होता. ओहोटी लागली होती. टोकाच्या पुढे पाण्यातून काळे खडक वर आले होते, एकामागे एक, लांबवर, आणि प्रत्येकाभोवती फेस. काकांनी कठड्यावरून वाकून ते पाहिले. हयातभर ज्यांना टाळलं ते खडक ते पहिल्यांदा संपूर्ण बघत होते.

मावशी मात्र खडकांकडे बघतच नव्हत्या. त्या सरळ समोर बघत होत्या, जिथे पाणी आणि आभाळ एक होतं. एक बोट तिथे होती, तिळाएवढी.

"ती मासळीची बोट हाय?" त्यांनी विचारलं.

"हां. करंज्याकरचीच असंल," काका म्हणाले.

"तुमी तिथं असायचंव?"

"त्याच्याबी पुरं. ती जवलच हाय."

मावशींनी कठडा दोन्ही हातांनी धरला. त्यांनी आयुष्यभर धक्क्यावर उभं राहून बोटीची वाट पाहिली होती. बोट दिसायची ती खाडीच्या वळणावर, माणसांचे चेहरे ओळखू येतील एवढ्या अंतरावर. त्याआधी ती कुठे असते ते त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं.

"यवऱ्यात जायचंव तुमी," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, स्वतःशीच, "यवऱ्यात."

काकांनी खडकांच्या रांगेतल्या एका मोठ्या काळ्या दगडाकडे बोट दाखवलं. "त्याच्या या बाजूला मी एकदा आलेलू हाय."

मावशींनी वळून पाहिलं.

मग काकांनी सांगितलं. ते तांडेल होऊन एकच वर्ष झालं होतं. पावसाळ्यानंतरचे दिवस. संध्याकाळी परतताना इंजिन बंद पडलं आणि बाहेरून वारं सुटलं. बोट वाहत वाहत दिव्याच्या दिशेने निघाली. आधी दिवा समोर होता, मग वर, मग इतका वर की मान मागे टाकून बघावं लागायचं. खडकांवर फुटणारं पाणी ऐकू येत होतं. पोरं रडायला लागली होती. नांगर टाकला, तो सरकत राहिला.

"तवा मी वर बगितला," काका म्हणाले, "आन या सज्जावं मानूस होता. हातात कंदील. उभा. नुसता उभा, आमच्याकं बगत. त्यो काय करनार व्हता? तिथून रस्सी टाकनार व्हता का? पन त्यो आत गेला नाय. मी पोरांना बोललू, रं, वर बगा, आपल्याला कोन तरी बगतंय. मंग पोरं गप झाली. नांगर धरला त्या खरपाला. आमी तसंच ऱ्हायलू, इंजिन चालू होईपत. आन त्यो पन ऱ्हायला."

"तुमी मना बोललंव, जाला फाटला," मावशी म्हणाल्या.

"सनी पोटात व्हता तुझ्या."

"तुमी आल्यावं जेवलंव नाय त्या दिशी. मी तुमाला निवट्यांचा कालवन केलेला. तुमी ताट सारलंव." मावशी कठड्याकडे बघत होत्या. "मना वाटला, मीठ जास्त झाला."

मग मावशींनी काकांच्या शर्टाची वर गेलेली कॉलर खाली केली आणि हात तिथेच, त्यांच्या खांद्यावर राहू दिला.

काकांनी धर्मराज यांना विचारलं, तो माणूस कोण असेल. धर्मराज यांनी मान हलवली. बदलीची नोकरी, इतक्या वर्षांत किती जण आले नि गेले, त्यांच्यापैकी कोण कुठे आहे, आहे की नाही, सांगता येणार नाही. "पण आजोबा, एक सांगतो," ते म्हणाले. "मी लातूरकडचा. नोकरी लागंपर्यंत समुद्र पाहिला नव्हता. हितं आलो तवा पहिल्या पावसाळ्यात एक बोट लय जवळ आली. मी बंदराला कळवलं, फोन केले, जे करायचं ते केलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. तरी आत बसवंना. मी बी हितंच येऊन उभा राहिलो. कुणी शिकवलं नव्हतं."

काकांनी त्यांचा हात हातात घेतला आणि नुसता दाबला.

सूर्य पाण्याला टेकला तेव्हा धर्मराज आत गेले आणि त्यांनी पडदे एकेक करून वर गुंडाळले. आम्हाला दाराशी उभं राहायला सांगून त्यांनी बटण दाबलं. त्या मुठीएवढ्या बल्बचा उजेड काचांत शिरला आणि सगळा पिंजरा आतून पेटल्यासारखा झाला. भिंग फिरू लागलं. खालून कसलीशी मंद घरघर येत होती. दोन झोत आमच्या समोरून सरकले, समुद्रावर गेले, आणि काका ओठांतल्या ओठांत आकडे मोजू लागले. बोटीवर मोजायचे तसे. दोन चमका, मग काळोखाचे आकडे.

मध्येच ते थांबले. "बल्ब विझत नाय," ते म्हणाले.

"नाही विझत," धर्मराज म्हणाले.

"मंग त्यो कालोख?"

"तो तुमच्याकडचा काळोख, आजोबा. दिवा संध्याकाळी लागला की सकाळपर्यंत पेटलेलाच. काच फिरती. तुमच्याकडं अंधार असतो तवा उजेड दुसऱ्या कुणावर असतो."

काका शिडीच्या वरच्या पायरीवर बसले. मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. ते फिरणाऱ्या काचांकडे बघत होते.

"त्यो विझतो म्हनून आमी कालजात धरून मोजायचू," ते म्हणाले. "आता येतो का नाय, आता येतो का नाय. त्यो गेलाच नव्हता कवा."

खाली उतरायला आम्हाला फार वेळ लागला. धर्मराज यांच्या बायकोने चहा केला, मावशींनी भाकऱ्या आणि चटणी त्यांच्या मुलाच्या ताटात घातली. परत निघालो तेव्हा झोत आमच्या डोक्यावरून समुद्राकडे जात होते. पेणपर्यंत काका मागच्या सीटवर मावशींच्या शेजारी बसले होते. दोघं हळू आवाजात बोलत होते. मी रेडिओ लावला नाही, आणि ते काय बोलत होते तेही ऐकलं नाही.

पुढचे काही दिवस सारसोळे जेट्टीवर दुसरा विषय नव्हता. जुने खलाशी संध्याकाळी तिथे बसतात. दिवा विझत नाही, काच फिरते, हे काकांनी सांगितल्यावर ते मानायलाच कोणी तयार होईना. एकाने तर सांगितलं की ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी डोळ्याबरोबर डोकंही उघडलेलं दिसतं. काकांनी वाद घातला नाही. ते म्हणाले, एक गाडी करू, सगळे जाऊन बघू.

गाडी ठरली, पण पुरुषांसाठी नाही. हाशीमावशींनी बाजारातल्या बायकांना सांगितलं होतं. दिव्याचं त्या फारसं बोलल्याच नव्हत्या. त्यांनी इतकंच सांगितलं की आपले नवरे कुठे जायचे ती जागा तिथून दिसते. दुसऱ्या दिवशी बायका पैसे घेऊनच आल्या. मासळीचा धंदा सोमवारी थंड असतो, म्हणून सोमवार धरला. टेम्पो ट्रॅव्हलर भरला, शिवाय दोघी पुढे ड्रायव्हरजवळ. काकांना बरोबर घेतलं ते धर्मराज यांची ओळख म्हणून. मीही गेले.

मनोऱ्याच्या दाराशी मावशींनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या. धर्मराज म्हणाले, तशी काही गरज नाही. मावशींनी ऐकलं नाही. सज्जावर एका वेळी थोड्याच जणींना जाता येणार होतं, म्हणून त्यांनी तुकड्या पाडल्या आणि पहिल्या तुकडीबरोबर स्वतः वर गेल्या.

काकांचे गुडघे त्या दिवशी चढण्याच्या परिस्थितीत नव्हते. ते चपलांच्या ढिगाशेजारी दगडावर बसले, मी त्यांच्या बाजूला. थोड्या वेळाने वर कठड्यापाशी लुगड्यांचे रंग दिसू लागले. हिरवं, जांभळं, मावशींचं तपकिरी. वाटेत टेम्पोत एवढा गलका होता की ड्रायव्हरला हॉर्न ऐकू येत नव्हते. वरून आता एक शब्द येत नव्हता. मावशींचा हात तेवढा दिसत होता, लांब समुद्राकडे केलेला, आणि बाकीच्या त्या दिशेने बघत होत्या.

दुसरी तुकडी जिन्यापाशी खोळंबली होती. धर्मराज दोनदा वर जाऊन सांगून आले, तरी पहिल्या तुकडीतली एकही बाई खाली उतरायला तयार नव्हती.